तेव्हाच घेऊन ठेवायला हवी होती

‘कोथरूडला तेव्हा नुसतं माळरान होतं. एक प्लॉट घेऊन ठेवला असता तर आज…’ पुण्याशी संबंध असलेल्या मराठी घरात हे वाक्य म्हणणारे एक काका असतातच. इंग्लंडात प्लॉटच्या जागी गाडी येते, बाकी वाक्य तेच. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मी माझी १९७२ सालची एमजीबी, म्हणजे टप उघडणारी जुनी स्पोर्ट्‌स गाडी, लावली, की पाच मिनिटांत साठी उलटलेले कुणीतरी गृहस्थ ट्रॉली सोडून जवळ येतात. पत्र्याला हात लावत नाहीत, दोन इंच वरून फिरवतात. ‘माझ्याकडे होती. मुलगी झाली तेव्हा विकली. कितीला विकली असेन, सांगा.’ उत्तर मला पाठ झालं आहे. दोनशे, अडीचशे, फार तर चारशे पौंड. चेहरा मात्र थेट कोथरूडच्या काकांचा.

गेल्या काही वर्षांत इथल्या मराठी मंडळींपैकीही पाच-सहा जणांनी मला गाठून विचारलं, की अशी एखादी जुनी टपाची गाडी घ्यायची झाली तर काय बघावं? घराचं कर्ज आटोक्यात आलेलं, मुलं युनिव्हर्सिटीत, शनिवार रिकामा. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी त्या ‘स्वस्ता’चा हिशेब करू, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच बुडतात. एमजीबी १९६२ साली आली तेव्हा करासकट जवळपास ९५० पौंडांना मिळत होती. कारखान्यातल्या पुरुष कामगाराची सरासरी मिळकत तेव्हा आठवड्याला सोळा पौंडांच्या आसपास होती. म्हणजे न खाता-पिता वर्षभराहून जास्त पगार. हिला स्वस्त म्हणायचं ते एवढ्यासाठीच, की १९६१ ची जॅग्वार ई-टाइप दोन हजारांच्या वर होती. नवी असताना ही गाडी कुणाला फुकटात मिळाली नाही. काकांच्या तोंडचे दोनशे-चारशे पौंड हे नंतरचे, सत्तरच्या दशकाच्या अखेरचे आणि ऐंशीच्या दशकातले. तोवर गाडी दहा-पंधरा वर्षांची झालेली. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यानं खालचा पत्रा खाल्लेला. वार्षिक तपासणीत, म्हणजे एमओटीत, नापास. वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त. शिवाय तोपर्यंत गोल्फ जीटीआयसारख्या गाड्या आलेल्या, ज्या तितक्याच पळायच्या, चार माणसं न्यायच्या आणि पावसात डोक्यावर ठिबकायच्या नाहीत. दोनशे पौंड ही क्लासिक स्पोर्ट्‌स कारची किंमत नव्हतीच. भंगाराच्या वाटेवरच्या गाडीची ती किंमत होती. काकांनी विकली नसती, तर दोन वर्षांत त्यांनाच पदरचे पैसे घालून ती भंगारात ओढून न्यावी लागली असती.

फेरारी २५० जीटीओची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. साठच्या दशकाच्या शेवटी जुनी रेसिंग गाडी म्हणून काही हजार डॉलरना जाणारी ही गाडी २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. गोष्ट खरी आहे, पण ती तुमच्या-माझ्या कामाची नाही. तशा गाड्या जेमतेम तीन डझन बनल्या. एमजीबी आणि तिची छपरवाली बहीण जीटी मिळून १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांच्या वर बाहेर पडल्या. तेव्हा गुंतवणूक म्हणून घेत असाल तर इथेच थांबा आणि म्युच्युअल फंड बघा.

आता आज काय घ्यावं. माझं मत सरळ आहे. दुसऱ्या कुणीतरी ज्या गाडीवर दहा-पंधरा हजार पौंड आधीच ओतले आहेत आणि त्याची बिलं फाइलला लावली आहेत, ती गाडी घ्या. विकताना त्याला त्यातले निम्मेही सुटत नाहीत. जुन्या गाड्यांत खरी स्वस्ताई असलीच तर ती एवढीच. उलट ‘थोडं काम आहे’ अशी जाहिरात, शेडमध्ये सुटी केलेली गाडी आणि सोबत सुट्या भागांची आठ खोकी दिसली की नमस्कार करून परत फिरा. ज्यानं ती सुटी केली, त्यालाही सुरुवातीला ते थोडंच काम वाटलं होतं.

मॉडेल निवडताना मन क्रोमच्या बंपरवर जातं. माझंही गेलं. पण १९७४ च्या शेवटी अमेरिकेतल्या नियमांपायी एमजीबीला काळे रबरी बंपर आले आणि गाडी सुमारे दीड इंच उचलली गेली, तेव्हापासून लोकांनी त्या मॉडेलला जे नाक मुरडलं आहे ते अजून मुरडलेलंच आहे. म्हणून रबरी बंपरवाली आजही बऱ्याच कमी पैशांत मिळते. जीटी तर आणखी कमी, कारण टप उघडत नाही. तुम्ही मँचेस्टर किंवा ग्लासगोला राहत असाल, तर टप वर्षातून किती दिवस उघडणार आहात हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. जीटीचं मागचं दार वर उघडतं, मागे सामान मावतं, बायको एका फेरीनंतर ‘पुन्हा नको’ म्हणत नाही. पहिली गाडी म्हणून मी डोळे झाकून रबरी बंपरची जीटी सुचवेन. नंतर ती विकून क्रोमची घेता येतेच.

ट्रायम्फ स्पिटफायर हा दुसरा पर्याय, आणि इथे एक मराठी धागा आहे. आमच्या बाबांकडे सांगलीला स्टँडर्ड हेरल्ड होती, मद्रासला बनलेली. तिचं अख्खं नाक, बॉनेट आणि पुढचे दोन्ही मडगार्ड एकत्र, पुढच्या बाजूला कलंडायचं. रविवारी सकाळी बाबा ते उघडायचे, पुढच्या चाकावर गोणपाट टाकून त्यावर बसायचे आणि इंजिनाशी गप्पा मारत असल्यासारखे तासभर काम करायचे. स्पिटफायर त्याच हेरल्डच्या आखूड केलेल्या चॅसिसवर उभी आहे. आरेखनही हेरल्ड रेखणाऱ्या त्याच इटालियन मिकेलोत्तीचं, आणि नाकही तसंच पुढे कलंडतं. ज्यांनी लहानपणी हेरल्ड पाहिली आहे त्यांना स्पिटफायरचं बॉनेट उघडून दाखवू नये, कारण मग ते किंमत करत नाहीत. स्वतः काम करायची हौस असेल तर यासारखी सोयीची गाडी नाही. फक्त १९७० पूर्वीची घेत असाल तर एक ध्यानात ठेवा. वळणावर वेगात असताना अचानक अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तर तिची मागची चाकं पोटाखाली दुमडल्यासारखी होतात आणि शेपूट फिरतं. त्या वर्षीच्या मार्क फोरपासून हा दोष बराच कमी झाला.

गाडी बघायला जाताना सोबत लोहचुंबक, टॉर्च, जुनी चादर आणि एक असा मित्र न्या, ज्याला गाड्यांचं काडीचंही वेड नाही. दिवसाउजेडी जा, आणि पाऊस असेल तर जाऊच नका. ओल्या गाडीचा रंग नेहमी चांगला दिसतो. हे मी वाचून सांगत नाही. माझी पहिली जीटी मी नोव्हेंबरातल्या भिजल्या संध्याकाळी, दिव्याच्या खांबाखाली पाहून घेतली. लाल रंग काय झळकत होता! वसंतात दाराखालच्या पत्र्यावर फोड आला, मी स्क्रूड्रायव्हरनं टोचला, तर पातं मुठीपर्यंत आत. आतून निघाला वर्तमानपत्राचा गच्च कोंबलेला बोळा, त्यावर बोटभर जाडीची लांबी आणि वर तो झळकणारा रंग. पान फुटबॉलच्या निकालांचं होतं. तारीखही वाचता आली. अकरा वर्षं जुनी.

तेव्हा सगळ्यात आधी सिल बघा, म्हणजे दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारा पत्रा. एमजीबीला वेगळी चॅसिस नाही. बॉडी हीच चॅसिस, आणि टपाच्या गाडीला छत नसल्यामुळे सगळा भार या दोन सिलवर असतो. बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि आतला खालचा पट्टा असे त्याचे थर आहेत. आतले थर कुजलेले असताना नुसता बाहेरून नवा पत्रा ठोकून देणं हा इथला जुना धंदा आहे. चुंबक चिंधीत गुंडाळून सिलवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी आहे. मग दार उघडा. कडी सुटताच दार खाली बसलं तर निदान बिजागरी तरी झिजली आहे. दार आणि मागच्या पत्र्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, ते बघा. मालकाच्या परवानगीनं एका बाजूला जॅक लावा आणि गाडी उचललेली असताना तेच दार लावून बघा. अडकलं, तर गाडी मधून वाकते आहे. चहा घेऊन घरी जा.

त्यानंतर चादर अंथरून आडवे व्हा. मागचे पाटे जिथे बॉडीला लटकतात त्या जागा, पुढच्या चाकाच्या मागे चिखल साठतो तो कोपरा आणि बॅटरीच्या पेट्या बघा. एमजीबीची बॅटरी बॉनेटखाली नसते. ती सीटमागच्या गालिच्याखाली, झाकण काढलं की दिसते. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, आता बहुतेकांनी बाराची एकच बसवलेली असते. अ‍ॅसिड सांडून त्या पेटीचा तळ गेलेला असणं इतकं नेहमीचं आहे, की तळ शाबूत दिसला तर मालकाबद्दल माझं मत तिथेच चांगलं होतं.

इंजिनाची मला तेवढी काळजी वाटत नाही. १७९८ सीसीचं ते बी-सिरीज इंजिन ट्रॅक्टरच्या जातीचं आहे. थोडं ऑइल गळणारच. गाडीखाली एकही थेंब नसेल तर आत ऑइल आहे का ते आधी बघा, असं इथले जुने फिटर म्हणतात. वीस मिनिटं चालवून गरम करा आणि ऑइल प्रेशरचा काटा बघा. धावताना पन्नासच्या वर, उभी असताना पंधरा-वीसच्या खाली जाऊ नये. थंड इंजिनावरचा काटा बघून खूश होऊ नका, तेव्हा तो सगळ्यांचाच चढलेला असतो. चौथ्या गिअरमध्ये ओव्हरड्राइव्हचं बटण दाबून बघा. इंजिनाचा आवाज ठळकपणे खाली उतरला पाहिजे. ओव्हरड्राइव्ह नसलेली गाडी मोटरवेवर तुमचे कान फोडेल. ब्रेकला बूस्टर नसला तर पहिल्या दिवशी पाय दगडावर ठेवल्यासारखं वाटेल. तो बिघाड नाही, तेव्हाची रीत आहे, पण पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवायची सवय लावून घ्या. तारांची चाकं असतील तर गाडी थोडी पुढे, थोडी मागे घेऊन कान द्या. ‘टक्क’ असा आवाज आला की हबचे दाते झिजलेत. त्याचा खर्च किमतीतून वजा करा.

कागदपत्रांचं काम इथे सोपं आहे. एमओटीचा इतिहास सरकारी साइटवर गाडीच्या नंबरवरून फुकट बघता येतो, २००५ पासूनचा. गेल्या वीस वर्षांत किती मैल धावली आणि कशावरून नापास झाली, सगळं तिथे आहे. मालक म्हणतो ‘नेहमी वापरात असते’ आणि नोंदीत नऊ वर्षांत चाळीस मैल, असं दिसलं तर ब्रेकचे सिलिंडर, रबरी नळ्या आणि टायर सगळं नवं करावं लागणार असं धरा. चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि फारशा बदल न केलेल्या गाडीला रोड टॅक्स नाही आणि एमओटीची सक्तीही नाही. टॅक्सचा अर्ज मात्र दरवर्षी करायचा असतो, रक्कम शून्य असली तरी. एमओटी मी सक्ती नसताना करून घेतो. माझ्या ब्रेकवर माझ्याखेरीज आणखी एका माणसाची नजर पडलेली बरी. विमा नेहमीच्या कंपनीकडून घेऊ नका. जुन्या गाड्यांचा विमा वेगळा मिळतो आणि तो बराच स्वस्त असतो, वर्षाला मैलांची मर्यादा घालून. त्यात गाडीची किंमत आधीच ठरवून लिहून घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी तुम्हाला काकांच्या काळातला भाव सांगेल.

पेट्रोलची एक गोष्ट. २०२१ च्या सप्टेंबरपासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ई१० नावाचं. जुन्या रबरी नळ्या त्यानं मऊ पडतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकायला लागतं. पुढचं तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घालून घ्या, काम अर्ध्या तासाचं आहे, आणि शक्यतो महागडं ई५ भरा. इंजिनाचं हेड बिनशिशाच्या पेट्रोलसाठी केलं आहे का, हेही विचारा. शिशाचं पेट्रोल इथे २००० सालापासून बंद आहे, त्यामुळे बहुतेकांनी केलेलं असतं.

सुटे भाग मिळतील का, ही आपल्याकडची पहिली भीती. एमजीबीच्या बाबतीत ती सोडून द्या. १९८८ पासून हिची अख्खी नवी बॉडी, मूळच्याच साच्यांवर दाबलेली, विकत मिळते. वायपरच्या रबरापासून दाराच्या काचेपर्यंत सगळं आठवड्याभरात घरपोच येतं. म्हणूनच जुन्या इटालियन आणि जपानी सुंदऱ्या मी पहिली गाडी म्हणून सुचवत नाही. त्यांच्या एका दिव्याच्या काचेसाठी माणसं वर्ष-वर्ष थांबलेली मी पाहिली आहेत.

आणि हे सगळं महाग वाटत असेल, तर आज कुठल्या गाड्या स्वस्तात चालल्या आहेत तिकडे बघा. १९८९ साली आलेली माझदा एमएक्स-५ ही जुन्या इंग्लिश टपाच्या गाड्यांवरूनच बेतलेली, फक्त सकाळी सुरू होणारी. तिची पहिली पिढी हातची गेली, दुसरी-तिसरी अजून आवाक्यात आहे. तिचेही सिलच कुजतात, चुंबक तोच चालेल. १९९५ ची एमजीएफ आणखी स्वस्त, पण तिची हेड गॅस्केट बदलल्याचं बिल पाहिल्याशिवाय घेऊ नका.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांना थोडक्यात सांगतो. इथून गाडी नेण्याच्या भानगडीत, आयात शुल्क आणि परवानग्यांचा हिशेब केल्याशिवाय, पडू नका. त्यापेक्षा तिथलीच जुनी हेरल्ड शोधा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूप राखलेल्या खासगी गाडीची ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये ठरवलं होतं, मुदत दहा वर्षांची. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल यांसाठीच ती रस्त्यावर काढायची. आरसीवरचा चॅसिस नंबर पत्र्यावरच्या नंबराशी अक्षरन्‌अक्षर जुळला नाही, तर हातात पैसे असले तरी सौदा करू नका.

सौदा झाला तर गाडी घरी आणायचा दिवस नीट ठरवा. सकाळी निघा. या गाड्यांचे दिवे मेणबत्तीचे असतात आणि वायपर मनात येईल तेव्हा चालतात. डिकीत पाण्याचा पाच लिटरचा कॅन, एक लिटर ऑइल, चार फ्यूज, पंख्याचा पट्टा आणि टॉर्च ठेवा. रस्त्यात मदत करणाऱ्या सेवेचं सभासदत्व आदल्या दिवशी घ्या, बंद पडल्यावर नव्हे. घरी आल्यावर पहिल्या शनिवारी पुढच्या चाकांच्या किंगपिनना ग्रीस गन लावा, आणि मग दर तीन हजार मैलांनी.

आणि मालकाच्या दारातून निघताना घाई करू नका. चावी फिरवा, पण सेल्फ मारू नका. मागून, उजव्या चाकाच्या बाजूनं टिकटिक ऐकू येईल. तो पेट्रोलचा पंप आहे. आधी भरभर वाजेल, मग मंद होईल, आणि कार्बोरेटर भरले की थांबेल. थांबलाच नाही, तर कुठेतरी पेट्रोल गळतं आहे, नाहीतर पंप हवा ओढतो आहे. चावी काढा, उतरा, बॉनेट उघडून बघा. थांबला, तर चोक पूर्ण ओढा आणि सेल्फ मारा.